सत्तेचाळीस हप्ते

फोनवरची मुलगी गोड बोलते. म्हणते,
त्र्याहत्तर धरलेत, मॅडम,
कर्ज माफ व्हायला एकशे वीस लागतात.

वजाबाकी मलाही येते.
उरलेले सत्तेचाळीस मी भरलेत. एकही चुकवला नाही,
ईरीत सरोवरावरून बर्फ आलं आणि तीन दिवस
गाडी कुठे उभी केली तेच कळेना, त्या महिन्यातसुद्धा
शेजाऱ्याच्या इंटरनेटवरून भरला होता.
पण ते सत्तेचाळीस जिथे राबून भरले
ती संस्था आता नाही. तिथे टायरचं दुकान आहे.

मग सही कुणाची आणणार, मॅडम?

पगाराचे कागद होते. तळघरात पाणी शिरलं
तेव्हा त्यांचा लगदा झाला. मीच फावड्याने उचलला.

राहिला व्हर्जिल स्टँकेविच.
संचालक, खजिनदार, आणि रात्री नळ गोठला की प्लंबर.
अठरा खाटांचा रात्रनिवारा, वर एक सोफा.
दारावर पाटी: सकाळी सातपर्यंत राहता येईल.
एकदा रोझलिन नावाच्या बाईने
गल्ल्यातले दोनशे अकरा डॉलर नेले.
मार्चमध्ये परत आली. बूट ओले, डॉलर नाहीत.
व्हर्जिलने विचारलं, सूप घेशील?
झाली माफी.
मी शेजारीच होते, हातात डाव घेऊन.

माझ्या फॉर्मवरही तोच शब्द आहे.
मी काय केलं होतं, हे मात्र
कुठल्याच रकान्यात विचारलेलं नाही.
शिकले, एवढंच. एक्केचाळीस हजार घेतले,
भरत गेले तसतसे त्याचे अठ्ठावन्न झाले.
वाढलं, पण मुलासारखं नाही;
मुलाचे आखूड झालेले कपडे तरी कुणाला देता येतात.

एप्रिलच्या चिखलात मीडव्हिलला गेले,
तो आता तिथल्या वृद्धाश्रमात असतो.
मला त्याने ओळखलं नाही. म्हणजे ओळखलं,
पण दाराच्या दुसऱ्या बाजूने.
आधी माझ्या बुटांकडे पाहिलं, मग हातातल्या कागदाकडे.
म्हणाला, खाटा भरल्यात गं पोरी.
सोफा आहे, चालेल?

मी म्हटलं, चालेल.

पेन त्यानेच मागितलं.
कागद समोर आला की सही करायची
हे त्याच्या बोटांना अजून पाठ होतं.
नाव पूर्ण लिहिलं, एक अक्षर गळलं नाही.
तारखेच्या जागी लिहिलं, नऊ फेब्रुवारी दोन हजार अकरा.
मी आठवून पाहिलं. त्या रात्री काय झालं होतं,
किती माणसं होती, कोण सोफ्यावर होतं,
काही केल्या आठवेना.

तारीख चुकली की फॉर्म परत येतो.
मी तर रोज हेच सांगते लोकांना,
कायदा मदत केंद्राच्या खिडकीतून:
काळी शाई, खाडाखोड नको, तारीख आजची.
बॅगेत दुसरा कोरा फॉर्म होता,
अशा वेळेसाठीच आणलेला.
ओडेसा नावाची नर्स दारात उभी राहून बघत होती.
ती काही बोलली नाही.
मी बॅगेची चेन उघडली, आणि लावली.

त्या खोलीत सोफा नव्हता,
प्लास्टिकची खुर्ची होती. तीवर बसले.
त्याने स्वतःच्या पायांवरचं ब्लँकेट काढलं,
माझ्या गुडघ्यांवर टाकलं, कडा खोचल्या
आणि बजावलं, सातपर्यंत. सात म्हणजे सात.

दुपारचे तीन वाजले होते.
बाहेर रस्त्यावरच्या मीटरमध्ये
मी अर्ध्या तासाचेच पैसे टाकले होते.